आईच्या आरामाचे दोन दिवस

आईला आराम द्यायचा, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं तेव्हा मी अकरावीत होते. एकमत म्हणजे अण्णांचं, आत्याचं आणि डॉक्टरांचं. आईला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती तेव्हा आत्याच्या चहाचं आधण ठेवत होती. नुकतंच तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. टाके निघाले होते, पण पोट आतून अजून ओलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जाळापुढं बसायचं नाही, नुसतं पडून राहायचं. अण्णांनी हे सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. माझे वडील सरकारी बांधकामाच्या एका खात्यात हेडक्लार्क होते, आणि एखादी गोष्ट कागदावर आली की ती झाली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तो कागद स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर खिळ्याला अडकवला गेला. आई रोज त्याच्याखाली बसून पीठ मळायची.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांमध्ये त्या महिन्यात जेवढी माणसं आली तेवढी माझ्या लग्नातही आली नाहीत. आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपल्याकडं पुण्याचं काम, आणि पुण्य काही कोरड्या तोंडानं पदरात पडत नाही. बायका यायच्या, आईला कॉटवर टेकलेलं बघायच्या, "उठू नका हं वहिनी, अजिबात उठू नका" असं म्हणायच्या आणि मग ती उठून आत गेली की स्वयंपाकघराकडं तोंड करून पुढं म्हणायच्या, "माझ्यात साखर कमी टाका." या सगळ्यांवर देखरेख करायला अण्णांची थोरली बहीण, द्वारकाआत्या, वैजापूरकडच्या गावाहून खास आली होती. "कमलचं करायला आले," असं ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. तिचे गुडघे फार हुशार होते. पाहुण्यांत बसायला, शेजारी जायला, देवळात जायला ते चालायचे. चुलीचा विषय निघाला की धरायचे. माझ्याबद्दल विचाराल तर मी अभ्यास करत होते. आमच्या घरात मी डॉक्टर होणार असं ठरलं होतं, त्यामुळं चालू आजाऱ्याकडं बघायला मला वेळ नव्हता. पुढं मी गणिताची मास्तरीण झाले, ते वेगळं.

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "काळे, यांना या घरातून दोन दिवस बाहेर काढा." अण्णांनी हेही लिहून घेतलं आणि रीतसर अर्ज केला. वैजापूरच्या रस्त्यावर एका फाट्यापासून आत, तळ्याच्या काठी, त्यांच्या खात्याचा एक जुना बंगला होता. निजामाच्या कुण्या बड्या अंमलदारानं शिकारीला आल्यावर पाठ टेकायला बांधलेला. राज्य गेलं, शिकार संपली, पाठ टेकायची सोय तेवढी सरकारनं पुढं चालू ठेवली. शनिवार-रविवार, कुटुंबासह, असा परवाना साहेबांच्या सहीनं आला. अण्णांनी तो जेवताना वाचून दाखवला. "आरामच आराम," ते म्हणाले. आई म्हणाली, "मग धपाटे करून घेते."

तिच्या आरामाची सगळी तयारी तिनंच केली, शुक्रवारी पहाटेपासून. धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी झाली, आमटीसाठी येसर बांधून घेतला, ज्वारीचं पीठ डब्यात ठासून भरलं, स्टोव्ह पुसला, रॉकेलची बाटली चिंधीनं गच्च बांधली. आत्याला बाहेरचं खाऊन पित्त व्हायचं, आणि बंगल्यातला खानसामा तर मुसलमान; त्यामुळं लोणच्याची बरणीही निघाली. शनिवारी एस्टीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पुढं बैलगाडीनं. आतून ओल्या पोटाला बैलगाडीसारखं वाहन नाही. प्रत्येक खड्ड्याला आई एक हात पोटावर आणि एक हात बरणीवर ठेवायची, आणि अण्णा पुढून म्हणायचे, "हवा बघा. हवा कशी आहे."

हवा खरंच चांगली होती. हल्ली तोच बंगला 'हेरिटेज कॉटेज' झालाय. शेंद्र्याच्या कंपनीत असलेला माझा मुलगा परवा मला फोनवर त्याचे फोटो दाखवत होता. पांढऱ्या चादरी, पितळी कंदील, व्हरांड्यात पाय पसरून हसणारी गोरी जोडपी. "आई, बघ, किती शांत! जाऊया एका वीकेंडला. तुला काही करावं लागणार नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे तिथं किती शांतता असते. त्यानं ती दाद समजली.

आम्ही गेलो तेव्हा चादरी पिवळ्या होत्या. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर एवढं उंच छत की त्याच्याकडं बघताना आत्याची टोपलीएवढी अंबाड्याची गाठ सुटली. मधल्या खोलीत एक अवाढव्य सागवानी पलंग, त्याच्यावर टांगलेला कापडी पंखा, आणि तो ओढणाऱ्याची जागा बऱ्याच वर्षांपासून रिक्त. कोनाड्यांत पारवे. त्यांचं घुमणं दिवसभर चाले, जसं काही एखादी कमिटी बसली आहे आणि निर्णय होत नाही. या सगळ्याचा मालक म्हणजे खानसामा करीमचाचा. पांढरी दाढी, ताठ कणा, खांद्यावर फडकं. त्यानं आईकडं एकदा पाहिलं, तिचं चालणं पाहिलं, आणि काही न विचारता पलंगापाशी एक चौरंग आणून ठेवला, चढायला. आईचा आजार कागद न वाचता ओळखणारा तो पहिला माणूस.

आई पाचेक मिनिटं पलंगावर बसली. मग तिला कोपऱ्यात जाळं दिसलं. मी व्हरांड्यात पुस्तक उघडत होते तेवढ्यात आत खराट्याचा आवाज आला. निजामाच्या काळापासून साचलेली धूळ आमच्या आईची वाट बघत थांबली होती. अण्णा तळ्यावर हवा खायला गेले होते, आत्या पायरीवर पाय चोळत होती. ती म्हणाली, "कमलला घाण बघवतच नाही. लई स्वच्छतेची." करीमचाचा मागच्या दारानं आला, त्यानं आईच्या हातातला खराटा हळूच काढून घेतला.

"नक्को अम्मा," तो म्हणाला. "मेरी नोकरी जाती. तुम लेटो."

"अहो, पण मला सवय आहे..."

"हौ. सवय मेरेकू बी है, साठ बरस से. तुम लेटो."

त्यानं खराटा कुठं लपवला ते आईला दोन दिवस सापडलं नाही. तिनं शोधला मात्र. संध्याकाळी त्यानं आत्याच्या पित्ताची पर्वा न करता मटणाचा खलिया केला, मोठ्या पातेल्यात, हळूहळू, आणि त्याचा वास त्या दगडी भिंतींमधून असा फिरला की आत्या दोनदा म्हणाली, "आपल्याला नाय बाई चालत." तिसऱ्यांदा तिनं वाटी पुढं केली. आईनंही खाल्लं, पलंगावर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं. ती प्रत्येक घासाला उठायच्या बेतात असायची, आणि करीमचाचा दारात उभा राहून नुसतं "हं" म्हणायचा.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तळ्याकडून जीपचा आवाज आला. मी अण्णांकडं बघत होते म्हणून मला नीट आठवतं. ते आरामखुर्चीत बसले होते, पाय वर, लेंगा-बनियन. जीप वळणावर दिसली आणि माझे वडील, पाच फूट दहा इंचांचा माणूस, माझ्या डोळ्यांदेखत बसक्या चणीचे झाले. जीपमधून साहेब उतरले, बाईसाहेब उतरल्या, बाईसाहेबांचे भाऊ आणि भावजय उतरले, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या उतरवल्या गेल्या.

"अरे काळे! तुम्ही इथं कसे?" साहेब म्हणाले. साहेब पुण्याकडचे, बोलणं मोकळं, मनानं वाईट नव्हते. रोज इतक्या कागदांवर सह्या करत की त्यातला एखादा लक्षात राहणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता. तो परवाना, त्यांच्याच सहीचा, त्या वेळी खुंटीवरच्या अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होता. अण्णांनी फक्त हात पुढं करायचा होता.

"आम्ही निघतच होतो, साहेब," अण्णा म्हणाले.

निघणार कशानं? गाडीवान तीनला येणार होता, फाट्यावर एस्टी चारला. तोवर आम्ही स्वयंपाकघरामागच्या लाकडाच्या खोलीत गेलो. 'गेलो' म्हणजे अण्णांनी पाच मिनिटांत वळकटी, डबे, स्टोव्ह, आत्या आणि आई यांची तिकडं बदली केली. मधल्या खोलीतला पलंग झटकला गेला. लाकडाच्या खोलीत एक बाज होती, तिची सुंभाची दोरी मधोमध सैल. आई तिच्यावर बसली तेव्हा तिचे गुडघे छातीला लागले. ती हसली. "चांगलं आहे की. इथं ऊन येतं," म्हणाली. आत्यानं पुस्ती जोडली, "साहेबलोकांत आपण कशाला? आपण इथं मोकळ्या."

थोड्या वेळानं अण्णा दारात आले. त्यांचा चेहरा उजळला होता. साहेब त्यांच्याशी पाच मिनिटं घरगुती बोलले होते. करीमचाचा कोंबडीचा रस्सा करतोय, पण त्याच्या हातची ज्वारीची भाकरी तव्यावर मोडते. आणि साहेबांनी म्हणे कचेरीत अण्णांच्या डब्यातली भाकरी एकदा खाल्ली होती आणि अजून विसरले नव्हते. सही विसरले होते, भाकरी विसरले नव्हते.

"दहा-बाराच," अण्णा म्हणाले. ते आईकडं बघत नव्हते, पिठाच्या डब्याकडं बघत होते. "तुझा हात बसलेला आहे. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"रोज थोडीच करायच्यात? माणसानं एकदा तोंडानं मागितलं..." आणि मग हलक्या आवाजात, माझ्याकडं न बघता, "मी हो म्हणून आलोय."

आईनं बाजेच्या कडेला हात रोवला आणि उठायला लागली. सैल बाजेतून पोट सांभाळत उठणं म्हणजे काय ते मी तेव्हा प्रथम पाहिलं. महिनाभर ती माझ्यासमोर उठत-बसत होती, पण तेव्हा मी अभ्यास करत होते. मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं गुडघ्याकडं पाहिलं. मग मी परात ओढली.

"तुला येतात व्हय?" आत्यानं विचारलं.

मला येत नव्हत्या. बाहेरच्या तीन दगडांच्या चुलीपाशी मी बसले, आई आतून सांगत राहिली: आधण कोमट झालं का बघ, पीठ रगड, अजून रगड, कडेनं फिरव. माझी पहिली भाकरी परातीला चिकटली. दुसरी उचलताना हातातच दोन झाली. तिसरी जमली, तिचा आकार आपल्या मराठवाड्याच्या नकाशासारखा होता, जिल्ह्यांच्या सीमांसकट. धुरानं डोळ्यांतून पाणी, मनगटापर्यंत पीठ, तर्जनीला चटका. करीमचाचानं रश्श्याच्या पातेल्यावरून एकदा मान वळवून पाहिलं आणि परत फिरवली. तेवढी सभ्यता त्या बंगल्यात त्याच्याकडंच होती.

चार भाकरी घेऊन मी व्हरांड्यात गेले. टेबल मांडलं होतं. साहेबांच्या खुर्चीमागं अण्णा उभे होते, हातात पाण्याचा जग. घरी स्वतःचा तांब्या भरून न घेणारे माझे वडील बाईसाहेबांच्या भावाला विचारत होते, "पाणी देऊ?"

साहेबांनी एक भाकरी उचलून उजेडात धरली. मधून उजेड आला. "काळे," ते हसून म्हणाले, "हीच का ती भाकरी?"

सगळे थोडे हसले. अण्णाही हसले. "आज जाळ जरा दगा देतोय, साहेब."

"जाळ चांगला आहे," मी म्हटलं. "भाकरी मी केलीय. मला येत नाही. आईला येते, पण तिचं ऑपरेशन झालंय, तिला वाकता येत नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं म्हणून आम्ही आलो होतो. तुम्हीच सही केली होती. सकाळी ती आतल्या पलंगावर होती. आता लाकडाच्या खोलीत आहे."

आज वाटतं, फार बाणेदार वगैरे बोलले असेन. तसं काही नव्हतं. माझा आवाज चिरकला होता, नाक वाहत होतं आणि शेवटचं वाक्य जवळजवळ रडून संपलं. अण्णांच्या हातातल्या जगमधलं पाणी टेबलावर सांडत होतं, त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"काळे, आधी बोलायचं नाही का?" साहेब म्हणाले. मोठ्या माणसांचा हा आवडता प्रश्न. त्याला अजून कुणी उत्तर दिल्याचं मी ऐकलं नाही.

बाईसाहेबांनी मला विचारलं, "कसलं ऑपरेशन?" तीन पुरुषांसमोर मी "पोटाचं" म्हणाले. त्यांना कळलं. त्या ताटावरून उठल्या आणि माझ्यामागून लाकडाच्या खोलीत आल्या. त्यांना दारात बघताच आई त्या सैल बाजेतून ताडकन उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "या ना, बसा. चहा टाकू?"

"तुम्ही आधी खाली बसा," बाईसाहेब म्हणाल्या. मग स्वतःही सरपणाच्या ढिगावर बसल्या, रेशमी साडीत. "किती दिवस झाले?"

"महिना."

"माझं होऊन तीन वर्षं झाली. आठव्या दिवशी सासूबाईंचे पाहुणे आले, मी पोळ्यांना बसले. अजून दुखतं." हे त्यांनी अगदी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग मान वळवून व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आतला पलंग रिकामा करा. आपण बाहेर सतरंजीवर बसू."

अण्णा मला विहिरीपाशी भेटले. "तोंड वर करून बोललीस," एवढंच म्हणाले. महिनाभर त्यांनी माझ्याशी अभ्यासापलीकडं शब्द काढला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांची पैठणला बदली झाली, प्रशासकीय कारणास्तव. दोन वर्षं ते रोज एस्टीनं पैठणला गेले आणि आले. ते त्या दुपारमुळं घडलं की खरोखरच प्रशासनाला पैठणमध्ये हेडक्लार्क हवा होता, हे मला कळलं नाही; साहेबांनाही कदाचित आठवलं नसेल. आईनं मात्र कधी शंका ठेवली नाही. भांडणात ती हमखास म्हणायची, "तुझ्या जिभेपायी तुझा बाप धक्के खातो. बारा भाकरींनी मी मेले नसते." ज्यांच्यासाठी आपण लढतो ती माणसं अशीच गुणी असतात. आणि ती म्हणायची ते खोटंही नव्हतं. बारा भाकरींनी ती मेली नसती. ती त्याआधी हजारो भाकरींनी मेली नव्हतीच.

पण त्या दुपारी तिला उचलून धरल्यासारखं करत बाईसाहेब मधल्या खोलीत घेऊन गेल्या, तेव्हा ती पलंगावर आडवी झाली. "पाचच मिनिटं," म्हणाली. बाहेर साहेबमंडळी नकाशाच्या भाकरी मुकाट्यानं रश्श्यात कुस्करून खात होती. तीनला गाडीवान आला, बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. अण्णा घाईनं पायऱ्या उतरले. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलले, आणि गाडी रिकामी परत गेली. परवाना रविवारपर्यंतचाच होता. उद्या सोमवार होता, आणि नोकरीत त्यांनी अर्ज न देता एकही दिवस चुकवला नव्हता.

ते परत आले आणि खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले. वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. आई कुशीवर होती, तोंड किंचित उघडं, पदर सरकलेला, एक हात पलंगावरून खाली लोंबत होता. दिवसा झोपलेली आई मी त्याआधी पाहिलीच नव्हती. मला वाटतं त्यांनीही नाही. कारण ते बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले, आणि मग घाबऱ्या आवाजात माझ्या कानाशी म्हणाले, "झोपलीय ना?"

"व्हय."

"नक्की?"

मी पुढं होऊन तिच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास गरम होता. मी मान हलवली. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. ते अनवाणी, चवड्यांवर, पलंगापाशी आले, वाकले, आणि तिच्या नाकापाशी स्वतःचं बोट धरून बघितलं.